आठ तास झोप होते, तरी सकाळी अंग जड का?

प्रश्न, फोंडा: पावसामुळे खिडक्या बंद, स्प्लिट एसी २५ वर, खोलीत दोघंजण. हिमोग्लोबिन ठीक आहे. तरी सकाळी डोकं जड आणि दुपारी चारला डोळे मिटतात. शोध कुठून सुरू करावा?

डिचोलीकर: खिडकीपासून. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. सगळं घट्ट बंद असलं की रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठत जातो. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, जाळी लावून. डासांना वेगळं आमंत्रण नको. बिल थोडं वाढेल, वाढू दे. फिल्टर दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा. ओला बसवला की आपल्या दमट हवेत बुरशी धरते, मग सकाळी नाक चोंदतं.

म्हापशाहून: जेवणाला लागून चहा घेता का? त्यातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं. तासभर अंतर ठेवा. सोलकढी खुशाल प्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, कमी निघू शकतं, ते वेगळं तपासा.

काणकोण: घोरणं आहे का? मध्येच श्वास अडकत असेल तर खिडकी-चहा नंतर, आधी डॉक्टर.