मदत हवी आहे: सुट्या रावळगाव गोळ्या कुठे मिळतील?

मंडळी, पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. पाहुण्यांना निघताना जुन्या गोळ्यांची पुडी द्यायचं आम्हा भावंडांचं ठरलंय, आणि त्यात रावळगाव नसेल तर आई पुडीला हातही लावणार नाही. माहेर मालेगावचं ना! वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली रावळगावात साखर कारखाना काढला, १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या, हे ती घरचं कार्य असल्यासारखं सांगते.

२०२४ मध्ये पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक हे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले. पान पसंद शोधलं की मिळतं, त्याची चिंता नाही. मला हव्यात त्या साध्या, रंगीत, पारदर्शक गोळ्या. दोन्ही टोकांना पीळ दिलेला कागद, वाण्याकडे बरणीतून सुट्या मिळायच्या. पावसाळ्यात कागद असा चिकटून बसायचा की थोडा तोंडातच जायचा.

नाशिक, मालेगाव, मनमाडकडे कुणा घाऊकवाल्याकडे अजून असतात का? नसतील तर तशाच चवीच्या गोळ्या करणारं कुणी माहीत आहे? घरी करायच्या तर पाक दीडशे अंशांपर्यंत न्यायचा, वर दमट हवेत गोळ्या पाझरणार. तो उद्योग अगदीच नाइलाज झाला तर.

किस्मी आणि पॉपिन्स आणून झाल्यात, त्या कृपया सुचवू नका. साधारण शंभर पुड्या करायच्या आहेत. पुण्यात पाठवणारं कुणी असेल तर उत्तम, नाहीतर भाऊ गाडी काढायला तयार आहे.