अनुभव धागा : हौसेची वेगवान गाडी – कोणती विकावी, कोणती राखावी, पुढची कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात नुसत्या ये-जा करण्यापलीकडे, चालवण्याच्या आनंदासाठी गाडी बाळगणारे लोक आता बरेच झाले आहेत. पहिली गाडी घेताना फारसा विचार होत नाही. खरा पेच दुसरी किंवा तिसरी गाडी दारात उभी राहिल्यावर पडतो. जागा एकच, विम्याचे हप्ते दोन, आणि घरातल्यांचा रास्त प्रश्न असा, की यांतली नेमकी कोणती जाणार? या विषयावरचे बहुतेक लेखन मुंबई-पुण्याच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. आपल्याकडे अधिकृत दुरुस्तीसाठी अनेक गाड्या अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला किंवा थेट हैदराबादला न्याव्या लागतात, उन्हाळा चाळिशीच्या वर रेंगाळतो आणि काळ्या मातीवरचा रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. म्हणून सोलापूरच्या परिस्थितीत आपण निर्णय कसा घेतला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. किंमत सांगितली नाही तरी चालेल, कारण मात्र सांगा.

होटगी रस्ता, टेरी टॉवेलचे कारखानदार

माझ्याकडे २०१५ च्या अखेरीस घेतलेली फियाटची अबार्थ पुंटो आणि त्याआधीची पोलो जीटी टीएसआय अशा दोन गाड्या होत्या. मुलाच्या लग्नानंतर घरात आणखी एक गाडी आली, तेव्हा दोघींपैकी एक काढणे भाग पडले. कागदावर पाहिले तर अबार्थ विकावी असेच कोणीही सांगितले असते. फियाटने भारतातल्या मोटारींची विक्री थांबवली आहे, १४५ अश्वशक्तीचे ते १.४ लिटरचे टी-जेट इंजिन भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकात आलेच नाही आणि पुनर्विक्रीच्या बाजारात पोलोला गिऱ्हाईक लगेच मिळते. पोलोविषयी माझी तक्रारही नव्हती. १.२ लिटरच्या त्या इंजिनाचा १०५ अश्वशक्तीचा जोर आणि आपोआप बदलणाऱ्या सात गिअरचा डीएसजी बॉक्स यांची जोडी पुणे रस्त्यावर फार सुखाची होती.

तरीही मी पोलो विकली. दोन्ही गाड्या आळीपाळीने तुळजापूरच्या घाटात नेल्यावर माझ्या लक्षात आले, की पोलोमध्ये मला जे आवडते ते मला पुढेही मिळणार आहे. छोटे टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारे, इंजिन आणि आपोआप बदलणारे गिअर असलेली नवी गाडी आज कोणत्याही दालनात उभी असते. अबार्थचे तसे नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हाताने टाकायचे गिअर आणि टर्बो भरला की मागून येणारा तो जोर, हे सगळे दहा लाखांच्या आसपासच्या गाडीत पुन्हा एकत्र येईल असे मला वाटत नाही. शिवाय ती आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली गाडी आहे, याचेही मला मोल वाटते. जे बाजारात पुन्हा मिळते ते विकावे आणि जे मिळणार नाही ते राखावे, ही माझी कसोटी आहे.

मात्र राखायचे ठरवल्यावर त्याची तयारी केली. याच घराण्यातले इंजिन लिनिया टी-जेटमध्येही होते, त्यामुळे बरेच सुटे भाग त्या गाडीवरून मिळतात. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश असा एक संच आधीच घेऊन ठेवला आहे. भाग मिळत आहेत तोवर घेणे आणि गाडी बंद पडल्यावर शोधणे यांत किमतीचा आणि मनस्तापाचा फार मोठा फरक पडतो.

अक्कलकोट रस्ता, गॅरेजचालक

कारखानदार साहेबांची कसोटी चांगली आहे, पण मला त्यात एक भर घालायची आहे. दुर्मीळ गाडी राखणे आणि ती चालती राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या हौशी गाड्यांपैकी जास्त चालवल्यामुळे बिघडलेल्या थोड्या असतात. उभ्या राहून बिघडलेल्या जास्त असतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीचे रबर आधी जाते. दारांची रबरे, सस्पेन्शनचे बुश, पेट्रोलच्या नळ्या कडक होतात आणि मग चिरतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या गाड्यांच्या नळ्या, सील त्यासाठी बनवलेले नसतात. गाडी राखायची असेल, तर या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात आणि टाकीत जुने पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोलापुरात बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि वाटेत कोणीतरी तेच रेडिएटरमध्ये ओततो. क्षार आतल्या बारीक वाहिन्यांमध्ये बसतात आणि इंजिन तापू लागते. साध्या गाडीत हे काही काळ खपते, टर्बो इंजिनात खपत नाही. वापरलेली वेगवान गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने गाडी पूर्ण थंड असताना कूलंटचे झाकण उघडून पाहावे. आत गंजाचा तांबूस रंग किंवा पांढरा थर दिसला, तर गाडी कितीही चकाकत असली तरी पुढे जाऊ नये. इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे, कारण थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर पुष्कळ काही सांगतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचांची खोली भरपूर असली तरी इतका जुना टायर शंभरच्या वेगाला भरवशाचा नसतो. आणि चार चाकांना चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले, तर मालकाने बाकीचा खर्चही असाच टाळला असावा असे समजावे.

माझे मत विचाराल तर जी गाडी आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर चालवणे तुम्हाला जमत नाही, ती विकावी, मग ती कितीही दुर्मीळ असो. दुसऱ्या कोणाकडे ती चालती तरी राहील.

जुळे सोलापूर, महाविद्यालयात अध्यापन

वडिलांची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. आजच्या आकड्यांत १०६ अश्वशक्ती म्हणजे काही विशेष नाही, पण गाडी वजनाने हलकी आहे आणि इंजिनाचे फेरे वाढले, की व्हॉल्व्ह जास्त उघडू लागून तिचा सूरच बदलतो. टर्बो नसलेल्या इंजिनाचा हा सरळ, पायाला तत्काळ ओ देणारा स्वभाव नव्या गाड्यांत कमी होत चालला आहे.

भाऊ बंगळुरूला असतो. त्याचे म्हणणे होते, की आरसीची मुदत संपत आली आहे, आता ही काढावी. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी ते शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमांनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीपूर्वीची डागडुजी आलीच. मी सगळा खर्च एका कागदावर मांडला आणि तो पाच वर्षांवर विभागला. नव्या गाडीच्या पहिल्याच वर्षी जेवढी किंमत उतरते, त्याच्या तुलनेत ही रक्कम अगदी किरकोळ निघाली. विकून जे हाती येणार होते, त्यात आजची चांगली दुचाकीसुद्धा आली नसती. भावाला तो कागद पाठवल्यावर त्यानेच नूतनीकरणाचे पैसे भरले.

आमच्याकडची उंच, स्वयंचलित गिअरची नवी गाडी मात्र आम्ही विकली. कॉलेजला मी स्कूटरवर जाते, बाबांना दवाखान्यात न्यायला सिटी पुरते आणि बाबांना तिच्यातच बसायला आवडते. ज्यांच्याकडे एकच जागा आहे त्यांनी नवी राखावी की जुनी, याचा विचार करताना घरातले कोण कोणत्या गाडीत आनंदाने बसते, हेही धरावे.

नवी पेठ, निवृत्त

गोव्यात तयार होणारी सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची, फायबरच्या अंगाची गाडी आज किती जणांना आठवत असेल? तिचे इंजिन रेनोचे, १.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे होते. माझ्याकडे एक होती आणि मी ती विकली, कारण फायबरच्या तडा गेलेल्या भागाचे काम मनासारखे करणारा कारागीर आसपास राहिला नाही. पुण्याच्या एका संग्राहकाकडे ती आता उत्तम स्थितीत आहे. गॅरेजवाल्या भाऊंच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

सांगोला, डाळिंब बागायतदार

एका चांगल्या हंगामानंतर हैदराबादला जाऊन मी फोर्ड मस्टँग पाहून आलो. २०१६ ते २०२० या काळात आपल्याकडे अधिकृतपणे विकली गेलेली, पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, ४०१ अश्वशक्तीची ती गाडी. लहानपणापासून तिची ओढ होती आणि वापरलेल्या गाडीची किंमतही आवाक्यात आली होती. मालकाने चावी हातात दिली. इंजिनाचा आवाज ऐकल्यावर व्यवहार जवळपास मनात झालाच होता.

परतीच्या वाटेवर मात्र मी हिशेब केला. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत मुरमाचा रस्ता आहे, पुढे प्रत्येक गावाला गतिरोधक आहेत आणि त्यांची उंची कोणत्याही मापात बसत नाही. हे एक वेळ सांभाळले असते. खरे कारण उत्पन्नाचे होते. डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग आला, की वर्षाचे गणित कोलमडते. ट्रॅक्टरची दुरुस्ती एक हंगाम पुढे ढकलता येते, पण अशा ताकदीच्या गाडीचे ब्रेक आणि टायर पुढे ढकलता येत नाहीत. विकत घेण्याची रक्कम एका हंगामात जमते, पोसण्याची मात्र दरवर्षी लागते. ज्यांचे उत्पन्न शेतीवर आहे, त्यांनी पडत्या वर्षातही जी गाडी नीट ठेवता येईल तीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मी शेवटी ह्युंदाई आय-२० एन लाइन घेतली, २०२३ नंतरची, सहा हाती गिअरची. एक लिटरचे टर्बो इंजिन, १२० अश्वशक्ती. पंढरपूरकडच्या मोकळ्या रस्त्यावर ती पुरेपूर वापरता येते, आणि गाडी पुरेपूर वापरण्यात जे समाधान आहे ते चारशे अश्वशक्ती पायाखाली दाबून ठेवण्यात मला मिळाले नसते.

मूळ सोलापूर, सध्या पुणे, संगणक क्षेत्र

माझा निर्णय इथल्या सूराच्या थोडा विरुद्ध आहे, म्हणून लिहितो. माझ्याकडे २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस होती, २३० अश्वशक्तीची. तिच्या जागी काय घ्यावे, यासाठी दोन पर्याय समोर होते. पहिला, २०२५ मध्ये आयात होऊन आलेली गोल्फ जीटीआय. २६५ अश्वशक्ती आणि सुमारे ५३ लाख शोरूम किंमत. कर व विमा धरून आकडा साठ लाखांपलीकडे जात होता. दुसरा, जुनी पोर्शे बॉक्स्टर, ९८७ पिढीची, हाती गिअरची, आसनांच्या मागे सहा आडव्या सिलिंडरचे इंजिन.

गोल्फ सर्व बाबतींत अधिक शहाणपणाची होती. पण ती माझ्या ऑक्टाव्हियाचेच पुढचे रूप होते, तोच पुढच्या चाकांना जोर, तोच डीएसजी. सुधारलेली तीच गाडी घेण्यासाठी इतके पैसे घालणे मला पटले नाही. बॉक्स्टरचे इंजिन मध्यभागी असल्याने वजन दोन्ही धुऱ्यांमध्ये राहते आणि वळणावर गाडी ज्या सहजतेने फिरते, ती अनुभूती माझ्याकडे असलेल्या कोणत्याही गाडीत नव्हती. पुढची गाडी आधीपेक्षा वेगळे काहीतरी शिकवणारी असावी, असा माझा आग्रह होता. पेट्रोलवरच्या ७१८ बॉक्स्टरचे उत्पादनही २०२५ मध्ये थांबले, त्यामुळे हा प्रकार नव्याने मिळणे आता अवघड झाले आहे.

घेण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली, संगणकावर इंजिनाच्या नोंदी वाचून घेतल्या आणि जुनी बिले तारखांप्रमाणे लावली. वीस वर्षे पूर्ण झालेल्या आयात मोटारीचे नोंदणी नूतनीकरण आता ८०,००० रुपये आहे, तेही हिशेबात धरले. पाच वर्षांवरील गाडीची विम्यातली किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, म्हणून मूल्यांकनाचा अहवाल सोबत ठेवून ती नीट ठरवून घेतली. सोलापूरला आईवडिलांकडे येताना तीच आणतो. इंदापूरच्या पुढे महामार्ग मोकळा लागला, की छत उघडतो. मे महिन्यात मात्र ते बंद ठेवणेच बरे.

होटगी रस्ता, टेरी टॉवेलचे कारखानदार (पुन्हा)

पुण्याच्या मित्राचे म्हणणे मला पटले. बॉक्स्टरही माझ्या कसोटीला उतरतेच. मला खाजगीत विचारले गेले, की पोलोसाठी गिऱ्हाईक कसे निवडले, म्हणून इथेच सांगतो. सर्वांत जास्त रक्कम देऊ करणारा एजंट होता, पण मी ती विजापूर रस्त्यावरच्या एका तरुण अभियंत्याला थोड्या कमी पैशांत दिली. त्याने सर्व्हिसची फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि डीएसजीच्या तेलाविषयी नेमके प्रश्न विचारले. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, कर्जाचा बोजा आधीच फॉर्म ३५ ने उतरवून घेतला होता, आणि आरसी त्याच्या नावावर झाल्याचे पाहिल्यावरच दुसरी चावी त्याच्या हाती दिली.