मदत हवी आहे: झोपाळ्याच्या पॉलिशवर पांढुरकी झाक

आजीच्या सागवानी झोपाळ्याची फळी कोथरूडला घरच्या गॅलरीत नव्याने पॉलिश करतोय. जुनं वॉर्निश खरवडलं, १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, चपडा (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने तीन हात दिले. पहिले दोन छान बसले. तिसऱ्याला पावसाची झड लागली आणि सकाळी बघतो तर फळीवर पाणी घातलेल्या ताकासारखी झाक! नुसत्या स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला की जाते, तासाभरात परत हजर. चपडा ताजा आहे. स्पिरिट मात्र दुकानातलं सुटं. घरात तान्हं बाळ, त्यामुळे मेलामाईन, पीयू (पॉलियुरेथेन) असली रासायनिक पॉलिशं नकोत. गणपतीत झोपाळा टांगायचाय. दोष दमट हवेचा की स्पिरिटमधल्या पाण्याचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?