मदत हवी आहे: बास्केटबॉलमध्ये ड्रिबल (चेंडू टप्पे मारत नेणं) चालू असताना पाय साइडलाइनवर पडला, शिट्टी वाजवायची का?

ड्रिबलर साइडलाइनला लागून पळतोय. चेंडू आत टप्पा घेऊन वर येतोय, अजून हाताला लागलेला नाही आणि नेमकी तेव्हाच बुटाची कड रेषेवर पडते. पुढचा टप्पा मारताना दोन्ही पाय पुन्हा आत.

सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी. कलम 23 वाचलंय: रेषा म्हणजे मैदानाबाहेर, आणि बाहेर असलेल्या खेळाडूचा स्पर्श झाला की चेंडू बाहेर. इथे स्पर्शच नाही. अमेरिकी शालेय नियमांत मात्र चेंडूला हात नसला तरी ड्रिबलरचं उल्लंघन धरतात, त्यामुळे पंचांत एकमत होत नाही आणि भोगतात खेळाडू.

चेंडू निसटलेला नाही, बचावपटूचा धक्काही नाही. मग फिबात ताबा आहे एवढ्यावर शिट्टी द्यायची, की पुढच्या स्पर्शाच्या क्षणी पाय कुठे आहे ते बघायचं?