डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाची इको (हृदयाची सोनोग्राफी) गड्ड्याच्या जत्रेनंतर केली तर चालेल का?

मावशी, अक्कलकोट रोड
बहिणीची मुलगी चार महिन्यांची आहे. रिपोर्ट आला, ट्रायसोमी २१, म्हणजे डाऊन सिंड्रोम. डॉक्टरांनी टूडी इको आणि थायरॉइड लगेच करा म्हटलंय. सासरचे म्हणतात, बाळ दूध पितंय, निळं पडत नाही, गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मग बघू. मान धरत नाही, शी कडक होते, झोपते फार. हे सगळं डाऊनमुळेच का? पुढच्या बाळालाही होईल का, हे बहीण सारखं विचारते.

लेकीची आई, जुळे सोलापूर
ताई, जत्रेपर्यंत थांबू नका. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. छिद्र मोठं असूनही सुरुवातीला तपासताना हृदयाचा जादा आवाज ऐकू येईलच असं नाही, बाळ निळंही दिसत नाही. तोवर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर जादा दाब पडत राहतो. तो कायमचा झाला तर ऑपरेशन करता येत नाही. म्हणून एव्ही कॅनालसारखा (हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र) मोठा दोष साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात दुरुस्त करतात. माझ्या लेकीचं पाचव्या महिन्यात झालं. आता पाचवीत आहे, शेंगाचटणी-भाकरी हाताने खाते.

शी कडक, झोप फार, ही थायरॉइड कमी असल्याचीही लक्षणं असतात. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आत्ता करा, वर्षाची झाल्यावर पुन्हा, पुढे दरवर्षी. 'डाऊनमुळेच' म्हणून कुठलीच तक्रार सोडून देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. माझी लेक हाकेला बघायची नाही. सगळे म्हणायचे, अशी मुलं अशीच. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं! कान, डोळे दोन्ही तपासा.

बालफिजिओ, होटगी रोड
मान उशिरा धरणं मात्र स्नायू सैल असल्यामुळे असू शकतं. जागी असताना, कुणीतरी समोर बसून, पोटावर ठेवा. कडेवर घेताना पाय फार फाकू देऊ नका. वॉकर आणू नका. चालायला साधारण दोन वर्षं लागतात, काहींना जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन आणि जन्मजात हृदयदोष दोन्ही येतात, सिव्हिलला चौकशी करा.

रिपोर्टवर '४७, एक्सएक्स, +२१' (म्हणजे २१ वं गुणसूत्र एक जादा) असं असेल तर आईबाबांची गुणसूत्रं तपासायची गरज सहसा नसते. पुढच्या वेळची शक्यता साधारण शंभरात एक, आईचं वय जास्त असेल तर थोडी अधिक. ट्रान्सलोकेशन (जादा २१ वं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं) लिहिलं असेल तर दोघांचीही तपासणी हवीच.

मावशी, अक्कलकोट रोड
'४७, एक्सएक्स, +२१' असंच आहे. ग्रहणात बाहेर पडली म्हणून झालं, असं तिला घरात ऐकवतात.

लेकीची आई, जुळे सोलापूर
ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. बीज तयार होतानाच २१ व्या गुणसूत्राची जोडी सुटत नाही, म्हणजे पोटात राहायच्या आधीच हे ठरलेलं असतं. तिला आजच सांगा.

मावशी, अक्कलकोट रोड
सांगते. इकोची वेळ उद्याची घेतली. दूध पाजून न्यायचं का?

लेकीची आई, जुळे सोलापूर
फोन करून विचारा. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास आधी दूध बंद करायचं ते सांगतील. नसेल, तर पाजूनच न्या, शांत राहते.