शब्दचर्चा: 'जैवविविधता वाढली' म्हणजे नेमकं काय वाढलं? आणि जाती की प्रजाती?

पानगळ:
मंडळी, एका माहितीपुस्तिकेचं मुद्रितशोधन करतेय. विषय जैवविविधता, ती तयार कशी होते, मोजतात कशी, टिकवायची कशी वगैरे. पहिल्याच पानावर हे वाक्य आहे: "ओसाड, पडीक जमिनीवर एकाच प्रजातीची पाच हजार रोपे लावल्यामुळे परिसरातील जैवविविधतेत मोठी वाढ झाली." खटकतंय, पण बोट ठेवून सांगता येत नाहीये काय खटकतंय. शिवाय एकाच परिच्छेदात जैवविविधता, जीववैविध्य, जैविक विविधता आणि एके ठिकाणी चक्क जैववैविध्यता. एकच ठेवू की सगळं चालतं? आणि स्पीशीजला जाती म्हणायचं की प्रजाती, लेखकाने दोन्ही वापरलेत, बहुतेक मूड असेल तसं.

जुनाकोश:
वैविध्यता आधी उडवा. विविधला 'ता' लावला की विविधता, 'य' लावून पहिला स्वर वाढवला की वैविध्य, दोन्ही भाववाचक नामं झाली, आता वैविध्यला परत ता लावणं म्हणजे टोपीवर टोपी. ऐक्यता, सौंदर्यता त्याच रांगेतले. बाकी तिन्ही बरोबर आहेत. जैव हे जीवपासून झालेलं विशेषण, त्यामुळे जैवविविधता, आणि जीवांचं वैविध्य ते जीववैविध्य, अर्थात फरक काही नाही. रूढ शब्द जैवविविधता, तोच ठेवा सगळीकडे.

तसा इंग्रजीतला शब्दही काही पुराणकाळातला नाही बरं का. आधी बायोलॉजिकल डायव्हर्सिटी असं लांबलचक म्हणायचे, वॉल्टर रोझेन यांनी १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेची तयारी करताना ते आखडून बायोडायव्हर्सिटी केलं, १९८६ ला परिषद झाली आणि १९८८ मध्ये ई. ओ. विल्सन यांनी संपादित केलेलं तिचं पुस्तक आलं तेव्हापासून शब्द जगभर पळाला. बायोलॉजिकलमधलं लॉजिकल तेवढं काढून टाकलं असा विनोद त्यावर करतात.

खारूताई:
जाती-प्रजाती हा माझा दुखरा विषय आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच सॉरी 😀

मराठी विश्वकोशासारख्या जुन्या लेखनात स्पीशीज म्हणजे जाती, आणि तिच्या वरची पायरी जी जीनस, ती म्हणजे वंश किंवा प्रजाती. हिंदीत मात्र स्पीशीजला प्रजाति म्हणतात, आणि बातम्यांमधून तोच अर्थ मराठीत शिरला. म्हणजे आता एकच शब्द दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसलाय. "या भागात प्रजातींची संख्या ४०" असं वाचलं तर स्पीशीज ४० की जीनस ४०? वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, जग्वार ह्या पाच स्पीशीज पण जीनस एकच, पँथेरा. जुन्या हिशेबाने एक प्रजाती, नव्या हिशेबाने पाच. मोजणीच चुकते की हो, नुसता शब्दाचा वाद नाहीये हा.

माझं मत: जीनसला कायम 'वंश' म्हणा आणि स्पीशीजला जाती म्हणा किंवा प्रजाती म्हणा, पण एकदा ठरलं की पुस्तकभर तेच. मी स्वतः जाती लिहिते. लोक तो टाळतात त्याचं कारण शास्त्र नाही, तो शब्द समाजात दुसऱ्याच अर्थाने जड झालाय म्हणून, असा माझा अंदाज.

मुंगीमोज:
+१. आणि वाण, उपजाती, प्रकार हे पण वेगळे ठेवायला सांगा. वाण माणसाने निवडून तयार केलेला असतो. भाताचे हजार वाण म्हणजे हजार जाती नव्हेत.

पानगळ:
मग जाती म्हणजे नक्की काय? पुस्तिकेत "एकसारखे दिसणारे जीव" अशी व्याख्या आहे.

खारूताई:
ती कापा. कुत्र्यांच्या दोन ब्रीड बघा, काडीचं साम्य नसतं पण जात एकच. उलट आफ्रिकेतले हत्ती दिसायला सारखे म्हणून कित्येक वर्षं एकच जात धरली होती, आता गवताळ भागातला आणि जंगलातला वेगळा धरतात, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींची यादी) २०२१ पासून दोघांची नोंद स्वतंत्र आहे. अर्न्स्ट मायर यांची १९४२ ची व्याख्या शाळेत चालते: निसर्गात ज्यांच्यात आपापसात प्रजनन होतं आणि इतरांशी होत नाही असा गट. पण बॅक्टेरियांना ती लागू कशी करणार, जीवाश्मांना कशी विचारणार, आणि वनस्पती तर जातींच्या भिंती ओलांडून बिनदिक्कत संकर करतात. चालचलाऊ व्याख्या आहे असं लिहा.

मुंगीमोज:
आता मूळ वाक्याकडे. मी शेतातल्या-रानातल्या मुंग्या मोजायचं काम करतो म्हणून हा माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. त्या वाक्यात वाढली ती झाडांची संख्या. त्याला शब्द विपुलता. विविधता वेगळी. आणि विविधतेतही दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, किती जाती आहेत आणि त्यांची वाटणी कशी आहे.

समजा दोन तुकडे आहेत, दोन्हीकडे १०० झाडं, दोन्हीकडे १० जाती. पहिल्यात प्रत्येक जातीची १०-१० झाडं, दुसऱ्यात एकाच जातीची ९१ आणि बाकी नऊ जातींचं एकेक. यादी केली तर दोन्ही सारखे. पण दुसऱ्यात चालत जा, तुम्हाला एकच झाड दिसत राहील. सिम्पसन यांनी १९४९ मध्ये हेच पकडलं: डोळे मिटून कुठलीही दोन झाडं निवडली तर ती एकाच जातीची निघण्याची शक्यता किती? पहिल्या तुकड्यात ९ टक्के, दुसऱ्यात ८३ टक्के. शॅनन यांचा १९४८ चा निर्देशांक मूळचा संदेशवहनातला, पुढचं अक्षर कुठलं येईल ह्याची अनिश्चितता मोजणारा, तो इकडे उचलला, पुढचं झाड कुठलं येईल म्हणून. पण त्याचा आकडा २.३ आला काय नि ०.५ आला काय, सामान्य माणसाला त्यातून घंटा कळत नाही, म्हणून हिल यांच्या पद्धतीने (१९७३) तो परत जातींच्या भाषेत आणतात. पहिला तुकडा १० जातींइतका विविध आणि दुसरा फक्त १.६५ जातींइतका! यादीत १० असूनही. ह्याला प्रभावी जातिसंख्या म्हणा हवं तर.

तर पाच हजार रोपं एकाच जातीची म्हणजे रोपांपुरता हा आकडा १. तेवढाच.

पानगळ:
बाप रे. पण सगळ्या जाती मोजून होतात का कधी?

मुंगीमोज:
कधीच नाही 😀 पण किती राहून गेल्या याचा अंदाज बांधता येतो, आणि ही युक्ती मला फार आवडते. ज्या जातीचा एकच जीव सापडला अशा जाती मोजा, ज्यांचे बरोबर दोन सापडले त्या मोजा. एकुलते जास्त असतील तर अजून बरंच लपलेलं आहे. ॲन चाओ यांचं सूत्र आहे १९८४ चं: एकुलत्यांचा वर्ग भागिले दुकट्यांची दुप्पट, आणि ते सापडलेल्यात मिळवायचं. समजा ६० जाती सापडल्या, त्यात १२ एकुलत्या आणि ६ दुकट्या, तर १४४ भागिले १२ म्हणजे १२, एकूण किमान ७२. किमान हा शब्द गाळू नका, सूत्र खालची मर्यादाच देतं.

अख्ख्या पृथ्वीचा हिशेब तर अजून गमतीचा. नावं दिलेल्या जाती साधारण वीसेक लाख, आणि २०११ चा एक गाजलेला अंदाज ८७ लाखांचा, तोही बॅक्टेरिया सोडून. म्हणजे बहुतेकांचं अजून बारसंच झालेलं नाही.

अजून एक, 'परिसरातील' जैवविविधता म्हणताना परिसर केवढा ते पाहा. तीन ठिकाणी प्रत्येकी २० जाती आहेत. तिन्हीकडे त्याच असतील तर एकूण २०, सगळ्या वेगळ्या असतील तर ६०. व्हिटेकर यांनी याला अल्फा, बीटा, गॅमा अशी नावं दिली: एका ठिकाणची, ठिकाणा-ठिकाणांतल्या फरकाची, आणि सगळ्या प्रदेशाची. सगळीकडे तीच ती झाडं लावत सुटलं की एखाद्या ठिकाणची अल्फा वाढलेली दिसते आणि बीटा मरते. कागदावर सगळं छान.

जुनाकोश:
म्हणजे 'वाढ' हा शब्दच गैर. 'भर' म्हणता येईल का?

मुंगीमोज:
कशात भर, हे सांगितलं तर.

पानगळ:
दुसऱ्या प्रकरणात "उत्क्रांतीमुळे जीव अधिकाधिक प्रगत होत गेले व जैवविविधता निर्माण झाली" असं आहे. ठीक?

जुनाकोश:
इथे दोष लेखकाचा कमी, शब्दाचा जास्त. उत्क्रांतीतला 'उत्' वर नेतो, उन्नती, उत्कर्ष, उत्थान. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात जिना उभा राहतो. शब्द आता बदलता येणार नाही पण 'प्रगत' काढाच.

खारूताई:
अगदी. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, देवमाशाचे मागचे पाय गेले, ही पण उत्क्रांतीच आहे आणि ती वर नाही खाली नाही, जमलं तसं झालं एवढंच. विविधता येते ती फाटे फुटण्यातून. त्याला जातिउद्भव असा शब्द आहे, मला साधं 'जात फुटणं' आवडतं पण छापील पुस्तकात चालणार नाही.

उदाहरण द्यायचं तर पनामाचं द्या. साधारण ३० लाख वर्षांपूर्वी दोन अमेरिकांमध्ये जमिनीची पट्टी पूर्ण झाली आणि एक समुद्र दोन झाला. चिमट्याने टक्क आवाज काढणाऱ्या कोळंब्या दोन्हीकडे अडकल्या, आज पट्टीच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या जुळ्या वाटाव्यात अशा जाती आहेत. एकत्र ठेवल्या तर जोडी जमण्यापेक्षा भांडणंच जास्त. भिंत कुणी बांधली तर जमिनीने.

पण भिंत लागतेच असंही नाही. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं, आणि नंतर भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास जाती झाल्या, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाची गोष्ट. कुणी शेवाळ खरवडणारा, कुणी गोगलगाय फोडणारा, आणि माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात, त्यामुळे रंग वेगळा झाला की हळूहळू जातच वेगळी. आता पुढचं ऐका. १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला, त्याने शेकड्याने जाती संपवल्या हे बऱ्याच ठिकाणी छापून येतं. पण सांडपाणी नि खतं वाहून येऊन पाणी गढूळ झालं तेव्हा दुसरंच घडलं, मादीला रंगच दिसेना, आणि वेगळ्या जाती परत एकमेकींत मिसळायला लागल्या. एकही मासा न मरता जात जाऊ शकते! याला 'नष्ट झाली' म्हणायचं का? मला तरी क्रियापद सापडलेलं नाही.

जुनाकोश:
'विरली'?

खारूताई:
वा. घेतला.

पानगळ:
शेवटचं प्रकरण संवर्धनाचं. दुर्मिळ, संकटग्रस्त, नामशेष, लुप्त हे सगळे समानार्थी म्हणून आलटून पालटून वापरलेत, पुनरुक्ती टाळायला असणार.

खारूताई:
नको नको. दुर्मिळ म्हणजे कमी आढळणारी. काही जाती मुळातच विरळ असतात आणि लाखो वर्षं तशाच मजेत आहेत. संकटग्रस्त ठरते ती घट किती वेगाने होतेय, पसारा किती आक्रसलाय यावरून, आज भरपूर असलेली जातही त्यात येऊ शकते. नामशेषलाही जागा सांगावी लागते, इथून नामशेष, रानातून नामशेष, की पृथ्वीवरूनच. कॅलिफोर्निया कोंडोर गिधाडं १९८७ मध्ये सगळीच्या सगळी पकडून पिंजऱ्यात आणली होती, जेमतेम २७ होती, म्हणजे तेव्हा ती रानातून नामशेष पण जात जिवंत. १९९२ पासून परत सोडायला लागले.

आणि 'स्थानिक' पण तपासा. स्थानिक म्हणजे इथली मूळची, ती इतरत्रही असू शकते. जगात फक्त तिथेच सापडणारी ती प्रदेशनिष्ठ. नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये हॉटस्पॉट ही कल्पना मांडली, तिचा निकषच यावर आहे, निदान १,५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती हव्यात आणि मूळ अधिवास ७० टक्के किंवा जास्त गेलेला हवा. "हॉटस्पॉट म्हणजे समृद्ध ठिकाण" हे अर्धंच झालं, समृद्ध आणि ओरबाडलेलं असं दोन्ही.

मुंगीमोज:
नामशेष शब्दावर मी परवा अडलो होतो. ज्याचं नाव तेवढं शेष राहिलं ते नामशेष. पण ज्यांना नावच दिलं गेलं नव्हतं आणि गेल्या, त्यांचं काय शेष?

जुनाकोश:
निःशेष.

(संवर्धन-संरक्षणाचं पण बघा. संरक्षण म्हणजे राखणं, हात लावू न देणं. संवर्धनात वाढवणं येतं, आणि म्हणूनच लोकांना संवर्धन म्हटलं की लगेच काहीतरी लावावंसं, पेरावंसं, सोडावंसं वाटतं. कित्येकदा काही न करणं हेच काम असतं.)

मुंगीमोज:
खरंय. बियाणं साठवणं, प्राणिसंग्रहालयात पैदास, नॉर्वेतल्या स्वालबार्डची २००८ ची बियाणं तिजोरी, हे सगळं लागतं, पण ते मूळ जागेच्या बाहेरचं. जागाच राखली तर जातींबरोबर त्यांची आपसातली नाती पण राहतात. जैवविविधतेसाठीच्या २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक करारात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचं ठरलंय ते त्यासाठीच. बाय द वे पानगळ, त्या जागेवर रोपं लावायच्या आधी काय होतं?

पानगळ:
लेखकाला फोन केला आत्ता. गवत होतं म्हणाले. "नुसतं गवत, बाकी काही नाही."

मुंगीमोज:
हम्म. "नुसतं" म्हणायच्या आधी मोजलं होतं का कुणी? गवताच्या जाती, त्यातली फुलं, नाकतोडे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. झाडांची सावली पडली की यातलं बरंचसं जातं.

जुनाकोश:
मग चूक 'वाढ'च्या आधीच झालीय. ओसाड आणि पडीक. पडीक म्हणजे कसता येण्यासारखी असून न कसलेली जमीन, तो शेतीचा नि महसुलाचा शब्द आहे. गवताळ जमिनीला माळ, माळरान, कुरण असे शब्द असताना.

पानगळ:
नव्हतं मोजलं. तर वाक्य आता असं आहे: "माळरानावर एका जातीची पाच हजार रोपे लावली. तेथील जैवविविधतेची आधी व नंतर मोजणी झालेली नाही." लेखक म्हणतायत मग हे वाक्य छापायचंच कशाला.