उत्तर: नवीन सायलेन्सर हीट शील्डला घासून खडखडतोय

वर कुणीतरी शील्ड कापूनच टाकायचा सल्ला दिलाय. कृपा करून तसं करू नका. एक्झॉस्टची धग गाडीच्या तळाला, इंधनाच्या पाइपला लागू नये म्हणून तो पत्रा असतो. मार्चमध्ये सड्यावर (कातळाच्या पठारावर) वाळक्या गवतात गाडी उभी करणाऱ्यांनी तर मुळीच नको.

थंड इंजिनला आवाज नाही, पण चोर्ला घाट चढल्यावर येतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पाइप तापून लांबतोय आणि शील्डला टेकतोय. गाडी सपाट जागी जॅक-स्टँडवर (गाडी उचलून धरणाऱ्या पक्क्या टेकूंवर) घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. पाइप गार झाल्यावर हाताने हलवून बघा. जिथे टेकतो तिथे पत्र्यावर घासून चकचकीत झालेला डाग दिसेलच. फ्लँजचे (पाइपच्या जोडावरच्या चकतीचे) बोल्ट सैल करा, पाइप फिरवून सगळीकडे बोटभर फट ठेवा आणि पुढून मागे आवळत या. हँगरचं (पाइप टांगून धरणाऱ्या कडीचं) रबर लोंबलेलं असेल तर आधी तेच बदला.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत शील्डची बोल्टाची भोकं गंजून मोठी होतात. तिथे रुंद स्टेनलेस वॉशर घाला. वेल्डिंग नको, पातळ पत्रा जळतो.